रांगेने दिलेला वेळ

पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे शून्यावर आले की वाचनालयाचा संगणक बंद होतो आणि रांगेतला पुढचा माणूस आपल्या कार्डाचा नंबर टाकून पुढचा वेळ घेतो.

आई समुद्रतळाचं थेट चित्रण बघत होती. काळोखात स्वतःच्याच उजेडाने चमकणारा एक जीव हळूहळू उलगडत होता. ते दाखवणाऱ्या जहाजावर संशोधनाला जायला मी वर्षभर तिचा होकार मागत होते.

वेळ संपत आला तशी ती उठू लागली.

“बसा हो, माझा नंबर टाका!” मागचे आजोबा म्हणाले. “त्याचे पाय किती, ते कळू दे की.”

त्यांच्यानंतर एका बाईंनी आपला नंबर दिला. सगळी रांग खुर्चीभोवती गोळा झाली होती, पण पाय दिसायच्या आतच कॅमेरा थांबला.

“तू तिथे असतीस तर कॅमेरा आणखी खाली नेला असतास ना?” आईने विचारलं.

“हो.”

“मग जा.”