उतरत्या क्रमाने

“मोठ्याने वाच,” बाबा म्हणाले. “पहिलं नाव कशाचं आहे?”

मांजरांच्या खाण्याच्या फळ्यांसमोर बापलेक उभे होते. तीन किलोंचं पाकीट बाबांनी तान्ह्या मुलासारखं कडेवर घेतलं होतं. मुलीला त्यावर बघायचीही गरज नव्हती. हे खाणं बनवणाऱ्या कंपनीतच ती कामाला होती, आणि पाकिटाच्या मागचा तो बारीक मजकूर तिनेच लिहिलेला होता.

“कोंबडी,” ती म्हणाली.

“बघ! मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलंय. जे जास्त असतं ते आधी लिहितात. तेव्हा पहिलं नाव मांसाचं पाहिजे, आणि धान्य जितकं कमी तितकं बरं. दोन महिने हेच घालतोय, पण साखर काही खाली यायचं नाव घेत नाही.”

साखर बाईसाहेबांची होती. बाईसाहेब म्हणजे बाबांची मांजर. करडी, बारा वर्षांची, बाबांशिवाय कुणालाही भीक न घालणारी. बाबा शिंपी. सकाळ-संध्याकाळ ते तिला इन्शुलिन टोचायचे. “आयुष्यभर सुई चालवली, पण कापडाने कधी असं वळून बघितलं नव्हतं,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आठवडा झाला, बाईसाहेबांचे मागचे पाय लटपटत होते, आणि बाबांनी ती गोष्ट सांगणं बंद केलं होतं.

“दोन महिने हेच?” मुलीने विचारलं. तिला हे आजच कळत होतं.

“मग? घरचं सोडून दुसऱ्याचं कशाला घालू? वाच पुढे.”

“मक्याचं पीठ. मक्याचं ग्लुटेन. तांदूळ. मक्याचा भरडा...”

“थांब. मका मगाशी झाला ना?”

“तो वेगळा, बाबा.”

“वेगळा म्हणजे? मका तो मकाच ना गं?”

समोरच्या फळीवर तेच पाकीट ओळीने मांडलेलं होतं. प्रत्येकावर तीच गुबगुबीत मांजर, तशीच जिभल्या चाटत.

“एकच आहे,” ती शेवटी म्हणाली. “तीन नावांत वाटून टाकलाय. एकत्र लिहिला असता तर तोच पहिला आला असता.”

“आणि कोंबडी?”

“कोंबडी ओली असताना तोलतात. पाणी उडालं की फारशी उरत नाही.”

बाबांनी पाकीट कडेवरून उतरवून पायाशी ठेवलं. हळूच ठेवलं, जणू आतलं काही जागं होईल.

“म्हणजे हे खोटं आहे.”

“खोटं नाही. नियमात बसतं.”

“तुला असं लिहायला कुणी सांगितलं?”

ऑफिसातल्या साहेबांचं नाव घेता आलं असतं. साहेब काही विचारायला येणार नव्हते. पण बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. लहानपणी फ्रॉकचं माप घेताना बघायचे तसे, डोळे बारीक करून.

“कुणी नाही. मलाच सुचलं,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीची बढती त्याचीच.”

त्या बढतीची बातमी बाबांनी गल्लीभर केली होती. कात्रीला धार लावायला येणारासुद्धा सुटला नव्हता.

ते चिडले असते तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. कंपनी, स्पर्धा, सगळेच असं करतात. सगळं जिभेवर तयार होतं. बाबा चिडले नाहीत.

“बाईसाहेबांना कुठे वाचता येतं,” एवढंच ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघून एकदम घाबरे झाले. “सहाला सुई द्यायची. उपाशीपोटी देता येत नाही. आता काय घालू तिला?”

ती फळ्यांवर तुटून पडली. एक पाकीट उलट, दुसरं उलट. एकात वाटाण्याची चार नावं केलेली. एकावर नुसतंच ‘मांस व मांसाचे पदार्थ’, कसलं मांस त्याचा पत्ता नाही. एकावर समोर मोठ्या अक्षरांत मासे, आणि मागे ते शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले. प्रत्येकाच्या मागे आपल्यासारखंच कुणीतरी बसलेलं तिला दिसत होतं, चहा गार करत, शब्द मागेपुढे सरकवत.

खालच्या फळीवर एक लहान डबा सापडला. कोंबडी, काळीज, पाणी. धान्य नाही. तिने तो तीनदा वाचला. कुठे काही लपवलेलं सापडेना. म्हणजे एकतर तो खरा होता, नाहीतर लिहिणारा तिच्याहून हुशार होता.

“हा घ्या, बाबा.”

“हा चांगला आहे?”

“लिहिलंय त्यावरून तरी चांगला आहे.”

बोलून झाल्यावर ते वाक्य तिलाच ऐकू आलं. बाबांनी डबा हातात घेतला. थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. आणि पलीकडे खोकी लावणाऱ्या दुकानातल्या पोरीकडे गेले.

“बाई, जरा बघता का? साखरेच्या मांजरीला हा चालेल ना?”

पोरीने खोकं खाली ठेवलं, डब्याच्या झाकणावरचं चित्र बघितलं.

“हो काका. एकदम बिनधास्त घ्या.”

“नक्की ना?”

“नक्की.”

बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी तिचे दोनदा आभार मानले. त्यांची मुलगी फळ्यांपाशीच उभी होती, उलटी करून ठेवलेली पाकिटं एकेक करून सुलटी करत.