साहेबांचा गेंडा

अकाउंट्सच्या ताईंना कामातून डोकं वर काढायला सापडलं की कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा नाद होता, आणि सगळ्या चित्रांचा विषय एकच: साहेब. कुठे साहेबांच्या धडावर घुबड, कुठे माकड, आणि सगळ्यांत झकास जमलेला गेंडा, चष्म्यासकट.

जुने कॉम्प्युटर भंगारात जाणार असं कळलं आणि ताईंना आधी ती चित्रं आठवली. ऐन बढतीच्या तोंडावर हे प्राणिसंग्रहालय कुणाच्या हाती लागलं तर? नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं, एवढं त्यांच्या कानावर होतं. म्हणून त्यांनी ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दादालाच गाठलं.

"दादा, असं पुसा की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला काही मिळता कामा नये."

दादा कामाला चोख. त्यानं दिवसभर अख्ख्या डिस्कवर नुसती शून्यं लिहिली, वर ड्रिलनं आरपार भोकं पाडली आणि संध्याकाळी ती चाळण ताईंच्या टेबलावर आणून ठेवली.

"घ्या ताई. आता सात जन्मांत यातून काही निघायचं नाही."

ताईंचा जीव भांड्यात पडला. तरी जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "पुसण्याआधी कुणी बघितलं नाही ना?"

 

"छे हो, फक्त साहेबांनी! एकेक फाईल त्यांना उघडून दाखवल्याशिवाय आम्हाला पुसताच येत नाही. गेंडा तेवढा त्यांनी छापून घेतलाय, म्हणाले, ताईंच्या बढतीच्या मुलाखतीला टेबलावर हवा."