टाचण्यांची डबी

मावशी कपड्यांच्या दुकानात पुतळे सजवायची, दातांत टाचण्या आणि जिभेवर कौतुक. भाची बारीक झाली तेव्हा तीच म्हणाली होती, "काचेत उभी करावी अशी दिसतेस गं!" आता पोरगी ताटातलं नुसतं चिवडत होती, बहीण रडकुंडीला आलेली, मावशीच्या जिवाला घोर. तिनं भाचीला दुकानात बोलावलं. पोरीचा पाय एका जागी ठरेना; आरसा दिसला की पोट आत. "हिच्यासारखं व्हायचंय ना? मग हिची पाठ बघ!" मावशीनं पुतळा गर्रकन फिरवला. मागे ड्रेस चिमटून टाचण्यांची रांग लावलेली. "हिलासुद्धा ढगळ होतो. सगळं सोंग पुढून!" भाची हसली नाही. तिनं जाकीट उतरवलं आणि पाठ फिरवली. तिचाही ड्रेस मानेपासून कमरेपर्यंत टाचण्यांनी आवळलेला. "सैल दिसला की आई रडते," ती म्हणाली. "या टाचण्या तुझ्याच डबीतल्या आहेत, मावशी."