पुढचं दार

फोनमधला नकाशा आता इमारतीपाशी आणून हात वर करत नाही, थेट दाराशी नेतो, ही करामत नकाशेवाल्या काकांचीच. पार्सलवाल्यासाठी जिथे दार उघडतं, ती जागा नकाशा लक्षात ठेवतो. जिथे उघडत नाही, ती विसरतो.

त्यांच्याच घरी मात्र आठवडाभर मेला नकाशा प्रत्येकाला मागच्या बाजूला नेत होता. मागे तर नुसती भिंत. आणि आज बायकोचं छातीचं औषध यायचं होतं. काका पुढच्या दाराच्या पायरीवर धुमसत उभे होते.

पार्सलवाला घरामागून आला, रिकाम्या हातांनी.

“कुठे उलथला होतास? औषध कुठंय?”

“दिलं की काका, मागच्या दारात. तुम्हीच घेतलंत.”

“मागे दार आहे का? डोळे फुटलेत तुझे?”

“आता मागे नाही म्हणता!” पार्सलवालाही भडकला. “मघाशी म्हणालात, पुढे दार आहे का, डोळे फुटलेत तुझे? एका माणसानं एकदाच ओरडावं हो!” गाडीला लाथ मारून तो निघून गेला.

काका तणतणत आत जायला वळले. हात गार गिलाव्यावर आपटला. उंबरा नाही, कडी नाही, सलग भिंत. संतापानं ते दोन्ही मुठींनी ती बडवू लागले.

आतून बायको म्हणाली, “अहो, पुढे कोण ठोकतंय बघा ना.”

“तू पड. औषध घेतलंयस ना?” आतून त्यांचाच आवाज खेकसला. “आणि पुढे दार आहे का आपल्याला?”