काळवेलीचा काढा

"झोपडीतल्या मुलीने वाटी पुढे केली," धाकटी म्हणाली. "आत गरम काढा आहे, वर लाल देठाची पानं तरंगताहेत. ती म्हणते, पंडितजी, थकून आलात, घ्या."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता. त्यावर फासे, खोडरबर, चहाचे कप. खेळ गोष्टीचा होता. सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन वागायचं, आणि अडलं की फासा. इतकी वर्षं सूत्रधार दादाच असायचा. आज पहिल्यांदा त्याने ती खुर्ची धाकट्या बहिणीला दिली होती, तेही ती हात धुऊन मागे लागल्यावर.

दादा आज पंडित होता. पंडित म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्वतः सूत्रधार असतानाही तो पंडिताला सगळ्यांबरोबर फिरवायचा, आणि पंडितावर कधी फासा टाकायची वेळ यायची नाही. "एवढा शिकलेला माणूस, त्याला माहीत असणारच," असं म्हणून दादा मोकळा व्हायचा. घरातही प्रत्येक गोष्ट आधी त्यालाच माहीत असायची, त्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही.

"लाल देठ?" दादा सावरून बसला. "मग ही काळवेल. विषारी असते. पंडित ओळखतो, तो पिणार नाही."

"ओळखतो?"

"म्हणजे काय! न ओळखायला काय झालं?"

धाकटीने मान हलवली. "मुलगी विचारते, कधीपासून?"

दादाचा मित्र, दातांचा डॉक्टर, बिस्कीट बुडवता बुडवता थांबला. वहिनीने पेन्सिल खाली ठेवली. दोघांनाही गेल्या वर्षीची ती दुपार आठवली. धाकटी तेव्हा वैदीण व्हायची, आणि तिची ती वैदीण गोष्टीतल्या याच झोपडीत, याच पाल्याने मेली होती. काळवेल तिने आधीच्या एका खेळात स्वतःच्या हाताने तोडली होती, गोष्टीतल्या गावच्या पोरांना तिच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. तरी दादा म्हणाला होता, "तुला आठवत असेल गं. तुझ्या वैदिणीला आठवतं का, ते फासा ठरवेल." फाशावर दोन पडले. वैदिणीने काढा घेतला. ती तडफडत असताना दादाने हनुवटी वर करून, पंडिताच्या आवाजात सांगितलं होतं, "अरेरे, ही तर काळवेल." सगळे हसले होते. धाकटीही हसली होती, आणि आपल्या घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली होती. शाळेपासून सांभाळलेली बाई होती ती.

"ही मुलगी कोण?" दादाने जपून विचारलं.

"वैदिणीची. पाला कापायचा विळा अजून तिच्या हातातच आहे. ती म्हणते, आई गेली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात ना, पंडितजी? काळवेल तेव्हाही ओळखत होतात, की आजच ओळखायला लागलात?"

दादा हसला, पण एकटाच. "बरं, मग समज, नाही ओळखत."

"मग पी."

"हे बरं आहे! थांब, फासा टाकतो."

त्याचा हात पोचायच्या आत धाकटीने फाशावर तळवा ठेवला. "पंडिताला फासा लागत नाही. नियम तुझाच आहे, दादा. मी फक्त पाळतेय."

"अगं, खेळच तर आहे."

"तेव्हाही तू हेच म्हणालास."

दादाने आशेने बायकोकडे पाहिलं. वहिनी गालावर हात ठेवून बसली होती. "अहो, प्या तरी नाहीतर सांगा तरी," ती म्हणाली. "काढा निवतोय."

दातांच्या डॉक्टरला हसू आलं, ते त्याने बिस्किटाबरोबर गिळलं. दादाचे कान लाल झाले. धाकटीला त्याची जराही दया आली नाही. उलट बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचीही लाज वाटली नाही.

"माहीत होतं," दादा शेवटी म्हणाला.

"मग बोलला का नाही पंडित?"

दादा कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. "सगळे तिलाच विचारायचे. कुठली वाट धरायची, कोणावर विश्वास ठेवायचा, सगळं वैदिणीला. गोष्ट मी रचायची, आणि माझ्या पंडिताकडे कोणी ढुंकून बघायचं नाही." मग त्याचा आवाज आणखी खाली गेला. "राग यायचा मला."

वर्षभर धाकटीला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. हे ऐकलं की आपला राग उतरेल, अशी तिची समजूत होती. तो उतरला नाही.

तिने तळवा उचलला. फासा तिच्या हाताने गरम झाला होता. तो तिने दादाच्या हातात दिला.

"मुलीने विळा उगारलाय," ती म्हणाली. "आता टाक."