कोरा पासवर्ड

नुरजमालने पासवर्डची जागा कोरीच ठेवली, कळ दाबली, आणि ती आत गेली.

तिने दुसऱ्या स्टेशनचं नाव घातलं. पुन्हा कोरं. पुन्हा आत. डोंगरातली एकेचाळीस स्टेशनं दर तीन तासांनी नारीनच्या हवामान कार्यालयात आकडे पाठवत: बर्फ किती, वारा किती, थंडी किती. त्यांना ओळखून आत घेणारा प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. पासवर्ड चुकीचा असला तर तो हाकलून देई. पण पासवर्ड मुळी दिलाच नाही, तर त्याला काही खटकतच नव्हतं. याच आकड्यांवर घाटातले रस्ते उघडत आणि बंद होत. एखाद्या टवाळखोराने खोटे आकडे घातले असते, तर भरल्या बसगाड्या कोसळत्या बर्फाखाली सापडल्या असत्या.

हे बोलून दाखवायला खोलीत कुणी नव्हतं. तिच्याबरोबरचे दोघे कधीच मॉस्कोला निघून गेले होते. मुलगीही तिकडेच, तिचा निरोप रविवारी यायचा, तोही धावता. दुपारचा चहा एकटीसाठी काय करायचा म्हणून नुरजमालने हल्ली तोही सोडला होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तिने ती तीनदा तपासली आणि बाराचे आकडे येऊन गेल्यावर लागू केली. भोक बुजलं.

तीन वाजता चाळीस स्टेशनांचे आकडे आले. सारी-बेल घाटातून काहीच आलं नाही.

तिने जुन्या नोंदी उघडल्या. सारी-बेलचं स्टेशन गेले चौदा महिने कोऱ्या पासवर्डनेच आत येत होतं, एकही वेळ न चुकवता. तिने बिश्केकच्या मुख्य कार्यालयात साहेबांना फोन लावला.

"म्हणजे कुणीतरी घुसलाय," झुमाश साहेब म्हणाले. "ते स्टेशन बंद करून टाक आणि पोलिसांना कळव. तिथला तो म्हातारा निरीक्षक इदिरिस काय झोपा काढतो का?"

पोलिसांना कळवण्याआधी तिने चौदा महिन्यांचे आकडे वाचून काढले. शेजारच्या घाटांशी त्यांचा मेळ बसत होता. मागच्या फेब्रुवारीत तर याच आकड्यांवरून रस्ता बंद केला होता, आणि तासाभरात अख्खा कडा खाली आला होता. घुसखोराने माणसं वाचवली होती. तिने स्टेशनचा फोन फिरवला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"कोण?" एका म्हातारीचा आवाज आला.

"नारीनहून बोलतेय, हवामान कार्यालयातून. इदिरिस आजोबांना द्या जरा."

"त्यांना कुठून देऊ? ते गेले. मागच्या वर्षी, हिवाळा तोंडावर असताना."

"मग आकडे कोण पाठवतंय?"

"मी. सायराकान. त्यांची बायको." म्हातारी वैतागलीच होती. "आणि काय गं, तुमच्या यंत्राला आज झालंय तरी काय? दुपारपासून मला आत घेईना. चार बोटं बर्फ वाढलाय, वारा फिरलाय, आणि मी आपली कळ दाबत बसलेय!"

"सायराकान एजे," नुरजमालने थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारली, "पण तुम्हाला हे काम येतं?"

"चाळीस वर्षं त्यांच्यामागे कंदील धरून उभी राहिले मी. बर्फ मोजायच्या काठीवरचा आकडा वाचता येणार नाही होय मला? पासवर्ड तेवढा त्यांनी कुणाला सांगितला नाही. मलासुद्धा नाही. असाच खडूस होता माणूस. मी जागा तशीच सोडून कळ दाबली, तर उघडलं."

"आजोबा गेले, ते कुणाला कळवलं का नाहीत?"

"कळवलं असतं तर मला खाली नेलं असतं. मुलाच्या घरी, नवव्या मजल्यावर. मग ही काठी कोण वाचणार होतं?"

नुरजमालने आकडे फोनवरच लिहून घेतले आणि सारी-बेलचा रस्ता तत्काळ बंद करायला लावला. मग पुन्हा साहेबांना फोन केला.

"घुसखोर सापडला, साहेब. इदिरिसची विधवा आहे."

"वय?"

"अडुसष्ट."

"शिक्षण?"

"आपल्या एकेचाळीस निरीक्षकांत तिच्यासारखे आकडे एकाचेही नाहीत. तिला काढायचं असेल तर आज रात्री त्या काठीपाशी तुम्ही जा. मी नाव बदलून टाकलंय. सारी-बेल, निरीक्षक सायराकान."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला. "बर्फ वितळेपर्यंत राहू दे. मग बघू."

सहाच्या आकड्यांची वेळ झाली तेव्हा नुरजमाल फोनवर होती. म्हातारी एकेका अक्षराची कळ शोधून आपला पहिला पासवर्ड घालत होती.

"मला सांगू नका हं, एजे. कुणालाच सांगायचा नाही."

"नाही सांगत. आता माझं गुपित आहे ते." कळा वाजत राहिल्या. "गेले का आकडे?"

"आले."

म्हातारीने फोन ठेवला नाही.

"पोरी, एक विचारू? ते गेले त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा कळ दाबली. वाटलं होतं, मला कोण ओळखणार इथे? पण आत घेतलं बघ. मग रोजच. मी मनाशी म्हणायचे, खाली कुणाला तरी ठाऊक आहे मी एकटी आहे ते." आवाज अगदी हळू झाला. "तूच दार उघडं ठेवलं होतंस ना गं?"

रिकाम्या खोलीत नुरजमालने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हो एजे," ती म्हणाली. "मीच."