व्हर्लीनची साथ

पाहुण्या पाद्रीने प्रवचन गाता गाता श्वास घेतला आणि व्हर्लीनच्या बोटांनी ऑर्गनवर तो अलगद झेलला, तेव्हा त्या चर्चचा पाद्री हास्केल टॉल्बर्ट बाकावर पुढे सरकला.

त्याच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, आपल्या बायकोने, व्हर्लीनने, असं वाजवलेलं त्याने ऐकलं नव्हतं. तेव्हापासून तो प्रवचन गायचा नाही, कागदावरून वाचायचा. ती शेवटी आमेनपुरता एक सूर धरायची. त्याला वाटायचं, वय झालं, बोटं आखडली. आणि आज पाहा! तो पाहुणा, लायनेल गॅड्सडन, एक ओळ वर फेकत होता आणि ती खालून दुसरी बांधून त्याला परत देत होती.

वादळासाठी केलेल्या सरकारी नकाशात किनाऱ्याच्या वस्त्यांना ए, बी, सी अशी झोनची अक्षरं होती. ब्रायर्टन पडलं आत, समुद्रापासून लांब. त्याला अक्षरच नव्हतं. ए झोनला घरं सोडायचा हुकूम सुटला, की बसगाड्या भरून माणसं ब्रायर्टनच्या चर्चमध्ये येत. मग खिडक्यांना प्लायवूड ठोका, बाथटब भरा, बाप्तिस्म्याचा हौदसुद्धा संडासाच्या पाण्यासाठी भरून ठेवा.

"टीव्हीवाले गळा काढणार त्यांच्या नावाने, आणि चवळी-भात शिजवायचा आपण," चर्चचा कारभारी ऑटिस सकाळी फणकारला होता. "नुसती धर्मशाळा झालोय, रेव्हरंड."

"पाहुण्याला वाढताना कुरकुरू नये," हास्केलने त्याला दटावलं होतं.

आणि खरंच, त्याने सगळं मनापासून दिलं होतं. जेवण, गाद्या, स्वतःच्या घरची ब्लँकेटं. प्रवचनाची जागाही दिली, कारण पाहुण्या पाद्रीला ती देण्याची रीतच आहे. पण व्हर्लीनची बोटं द्यायचं कुठे ठरलं होतं?

"वादळ आलं की जो तो नावेचीच गोष्ट काढतो," तो ऑटिसच्या कानाशी पुटपुटला. "प्रभू झोपलाय, शिष्य ओरडतायत. दुसरं काही नाहीच का पुस्तकात?"

"काढावी तर अशी काढावी!" ऑटिस डोळे पुसत म्हणाला.

"नावेत कोण आहे?" लायनेल टिपेला गेला.

"प्रभू आहे!" ए झोन आणि ब्रायर्टन एका गळ्याने गरजले.

"मग बुडेल का?"

व्हर्लीनने मान मागे टाकली, हसली आणि सगळ्यांच्या वर तिचा आवाज चढला, "सांगा, रेव्हरंड! सांगा!"

ही हाक ती फक्त हास्केलला घालायची. लग्नाआधीपासूनची.

तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. पडवीत जनरेटर धडधडत होता. सकाळीच विजेच्या तारा तुटल्या होत्या; आतले चार दिवे आणि ऑर्गन त्याच्यावरच चालत होते. पाऊस आडवा येत होता. हास्केल क्षणभर भिजत उभा राहिला. मग त्याने बटण दाबलं.

दोर तुटून बादली विहिरीत जावी तसा आतला सूर गेला. प्लायवूड ठोकलेल्या खिडक्यांमुळे भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. छपराचे पत्रे किती वाजतायत ते लोकांना आता कुठे ऐकू आलं. एक पोर रडू लागलं, त्याच्या मागे दुसरं.

"काय झालं हो?" कुणीतरी ओरडलं.

"पेट्रोल संपलं असेल," हास्केल दारातून म्हणाला. देवाच्या घरात, उभ्या उभ्या खोटं. "वारा उतरला की बघू."

लायनेलने ओळ पुन्हा उचलली. ती अर्ध्यावर पडली.

"रेव्हरंड टॉल्बर्ट," अंधारातून त्याचा आवाज आला. "माझं घर उभं आहे की गेलं, मला ठाऊक नाही. इतका वेळ त्या बाईंच्या सुरावर तरलो होतो. आता तुम्हीच सावरा यांना. माझ्याच्याने होत नाही."

छपरावर काहीतरी करकरलं. बायकांनी मुलांना पोटाशी ओढलं. हास्केल चाचपडत पुढे गेला. कागद खिशात होता, पण अंधारात कागद काय कामाचा?

त्याने घसा खाकरला. संदेष्टा एलिया गुहेत लपला होता, असं त्याने नुसतं बोलत सुरू केलं. बाहेर वारा सुटला, डोंगर फुटले. पण देव त्या वाऱ्यात नव्हता. कुणीतरी "हो" म्हटलं. त्याच्याही नकळत बोलण्याला चाल लागली. आवाज फाटका होता, जुन्या बिजागरीसारखा. मग देव हळूच म्हणाला, एलिया, तू इथे काय करतोयस? ती ओळ त्याने गायली आणि तिथेच तो अडला. पुढचं येईना. त्याने तीच ओळ पुन्हा घेतली. तू इथे काय करतोयस?

तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. टक्. टक् टक्. टक्. मुक्या ऑर्गनच्या पट्ट्यांवर बोटं पडत होती. सूर नव्हताच; नुसता लाकडाचा आवाज, पण प्रत्येक श्वासाला बरोबर. तो थांबला, की ती थांबत होती. तो चढला, की ती धावत वर येत होती. लोकांनी जमिनीवर पायांनी ठेका धरला. रडणारी पोरं कधी गप्प झाली, कुणाला कळलं नाही.

गात गात तो ऑर्गनपाशी सरकला. व्हर्लीनने बोटं थांबवली नाहीत. फक्त त्याच्याकडे वाकली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

"हे कडवं पुरं कर, हास्केल. मग जा आणि मशीन चालू कर. टाकी मी मघाशीच काठोकाठ भरलीय."